बोलावलेल्याशी बोली

पोटापाण्याच्या निमित्ताने गोमंतक सोडून आम्ही बोरगावी राहावयास आलो, त्यास आता बरीच वर्षे लोटली. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सौंसर तालुक्यातले हे कारखान्यांचे गाव. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा नव्याने झाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात मोडणारे. भोवताली संत्र्यांच्या बागा, बाजारात वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी आणि आमच्या ओसरीवर कोकणी, असा येथील संसार आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे भाचेपुतणे येथे जमले आणि त्यांनी बरोबर आणलेल्या एका खेळाने आमची चार रात्रींची झोप घेतली. त्या खेळाविषयी, किंबहुना त्यातील एका लहानशा भागाविषयी, आज लिहावयाचे आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि बोलण्यातूनच कथा पुढे सरकते. जेथे निकाल संशयित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. सोंगट्यांपेक्षा दशावतारी नाटकाला हा प्रकार अधिक जवळचा, कारण तेथेही संवाद कागदावर लिहिलेले नसतात. आमच्या मातोश्रींनी मात्र पहिल्याच रात्री दारातून विचारले, “हांगा कोणाक आपयतात रे तुमी?” पुतण्याचा पुजारी तेव्हा हात पसरून परलोकीच्या कोणा सत्त्वाचे आवाहन करीत होता. बाधा झालेल्या माणसांना घेऊन लोक जेथे येतात ते जामसावळीचे निद्रिस्त मारुतीचे स्थान आमच्याच तालुक्यात आहे. ‘उद्या तुम्हांला तिकडे न्यावे लागेल’ अशी ताकीद देऊन त्या आत गेल्या. मातोश्रींना हसू नये. १९८०च्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ आईबापांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता, आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी राक्षसपिशाच्चांची रूढ नावे गाळून टाकली होती. आमचा आक्षेप मात्र त्या जातीचा नाही. कोणाला बोलावले यापेक्षा बोलावल्यावर त्याच्याशी कसे बोलले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत ‘प्लेनर अलाय’ नावाचा एक मंत्र आहे. पुजाऱ्याने आपल्या दैवताला साकडे घालावे आणि दैवताने आपल्या परिवारातील एखादे सत्त्व धाडावे. आलेले सत्त्व मांत्रिकाचे दास नसते. त्याच्याशी बोली करावी लागते, आणि त्या बोलीचे दर पुस्तकात छापलेले आहेत: मिनिटांत उरकणाऱ्या कामास मिनिटाला १०० सुवर्णमुद्रा, तासांच्या कामास तासाला १,०००, दिवसांच्या कामास दिवसाला १०,०००. काम त्या सत्त्वाच्या स्वभावधर्माला धरून असेल तर सूत्रधाराने मोबदला निम्मा करावा अथवा सोडूनही द्यावा. जोखीम मोठी असेल तर वाढवावा. मरणाच्या खाईत लोटणारे काम सहसा कोणी पत्करीत नाही. बोली जुळली नाही तर आलेला पाहुणा आल्या पावली परत जातो.

दरपत्रक वाचून आम्हांस प्रथम विषादच वाटला. आपल्याकडे आवाहन म्हटले की पाठोपाठ आसन, पाद्य, अर्घ्य येते. ज्याला बोलावले त्याचे पाय आधी धुवावयाचे. येथे पाय धुण्याआधी रोजंदारी ठरते. परंतु त्याच पानावर आणखी एक ओळ आहे आणि ती आम्हांस फार आवडली. जे सत्त्व मंडळीत सामील होईल ते मंडळीतलेच एक मानावे, आणि त्या साहसातून मिळणाऱ्या अनुभवाचा पूर्ण वाटा त्यासही द्यावा, असा नियम आहे. या खेळात पात्रांची वाढ अनुभवाच्या गुणांनी होते. म्हणजे बोलावलेला मदत करून रिकाम्या हाताने जात नाही. जे सोबत भोगले त्याचा तोही भागीदार होतो. मजुरी ठरविणाऱ्याच लेखणीने ही ओळ लिहिली याचे आम्हांस नवल वाटते.

दुसऱ्या रात्रीचा प्रसंग सांगतो. मंडळींना एका गावचा पूल एक दिवस राखावयाचा होता. पुतण्याच्या पुजाऱ्याने आवाहन केले, सत्त्व आले. गाव त्याच्याच दैवताला मानणारे, तेव्हा दहा हजारांचे पाच हजार झाले. थैलीत निघाले चार. पोरांनी घासाघीस आरंभिली आणि ती आठवडी बाजारात शोभावी अशी होती. सूत्रधार झालेली आमची मोठी भाची कॉलेजात शिकते. तिने सर्व ऐकून घेतले आणि त्या सत्त्वाच्या मुखाने विचारले, “हजार मुद्रा राहू दे. परवा मी नसेन, तेव्हा या पुलावर कोण उभे राहणार आहे, ते सांग.” फासा कोणी उचलला नाही. बराच वेळ कोणी बोललेही नाही. मग धाकट्याने, ज्याला तोवर लुटीखेरीज कशातच रस नव्हता, आपले पात्र त्या गावी मागे ठेवण्याचे कबूल केले. पुढच्या दोन रात्री तो खेळाबाहेर बसला आणि कुरकुरला नाही. हा प्रश्न पुस्तकात नाही. पण मोबदल्याऐवजी सत्त्वाने एखादी कामगिरी मागावी अशी मुभा पुस्तकात आहे, आणि त्या फटीतून भाचीने तो आत आणला.

तिसऱ्या रात्री तेच मोठ्या पुतण्याने उलट्या मार्गाने करून पाहिले. ‘प्लेनर बाइंडिंग’ हा दुसरा मंत्र विनवणीचा नाही, वेठीचा आहे. किमान १,००० सुवर्णमुद्रांचे रत्न खर्ची घालून सत्त्वास जखडावयाचे आणि हुकूम द्यावयाचा. हुकुमाची अक्षरे त्याला पाळावी लागतात. पण ते वैरभावाने आले असेल तर शब्द पिळून आपले ईप्सित साधते. पुतण्याने हुकूम केला, “या पुलावरून कोणालाही जाऊ देऊ नकोस.” शत्रू अडले. सायंकाळी शेतांतून परतणारे गावकरीही अडले. सत्त्वाने आज्ञा अक्षरशः पाळली होती. सगळे पोट धरून हसले आणि पुतण्या रागाने लाल झाला. २००३च्या आवृत्तीत या सक्तीला आणखी एक गमतीची मर्यादा होती. तेथे ओढाताण फाशाने ठरे. देऊ केलेला मोबदला आणि सांगितलेले काम पाहून मांत्रिकाला शून्यापासून सहापर्यंत गुण मिळत, आणि मांत्रिकाच्या फाशावर एक पडला की बंधन तुटून सत्त्व मोकळे होई.

शब्द निसटू नयेत म्हणून सर्व काही सांगून टाकण्याची कला आपल्या गावांतही आहे. कोकणात आणि गोव्यात गाऱ्हाणे घालणारा सीमेपासून सुरुवात करतो. स्थळाचा धनी, राखणदार, वाटेवरचा, पाणवठ्यावरचा, कोणी म्हणून वगळत नाही, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून प्रत्येक वाक्यास रुकार देतात. वरवर पाहता हाही वकिली करारनामाच वाटेल. भेद शेवटी दिसतो. गाऱ्हाणेकरी आपण काहीतरी विसरलो असणार हे गृहीतच धरतो आणि चुकले-माकले पदरात घे म्हणतो. जखडण्याच्या मंत्रात चुकलेल्या शब्दाला क्षमा नाही, कारण समोरचा आपला नाही. देवचाराला विडी आणि रोट ठेवणारा माणूस त्याचा दर विचारीत नाही. वेताळाला नव्या वहाणा वाहतात त्या, रात्री गावभर फिरून त्याच्या झिजतात, म्हणून. हाही देण्याघेण्याचाच व्यवहार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यात समोरच्याच्या पायांचा विचार आहे.

तरीही, दरपत्रक पाश्चात्त्यांचे आणि भक्ती आमची, असे म्हणून वाचकांना सुटता येणार नाही. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत हरिश्चंद्राची कथा आहे. नाटककीर्तनांतून परिचित असलेली सत्त्वपरीक्षेची नव्हे, निराळीच. निपुत्रिक राजा वरुणाला म्हणतो, मुलगा दे, त्यानेच तुझे यजन करीन. मुलगा होतो. वरुण मागतो. राजा म्हणतो, दहा दिवस होऊ देत. मग, दात येऊ देत. मग, ते पडू देत. मग, पुन्हा येऊ देत. मग, शस्त्र धारण करू दे. देवाशी इतकी चिवट आणि इतकी मनुष्यासारखी घासाघीस आम्हांस अन्यत्र आढळली नाही. वरुण दर वेळी मान्य करतो, हे विशेष. रोहित मोठा होऊन रानात पळतो आणि राजाला जलोदर होतो. अखेर रोहित उपाशी अजीगर्ताकडून त्याचा मधला मुलगा शुनःशेप १०० गाई देऊन विकत घेतो. यूपाला बांधावयास कोणी धजेना, तेव्हा अजीगर्त आणखी १०० गाई घेऊन स्वतःच्या मुलाला बांधतो. मारण्यासाठी आणखी १०० मागून शस्त्र पाजळीत येतो. मिनिटाला शंभर मुद्रांचे कोष्टक वाचताना आम्हांस हे तीन शेकडे आठवले. येथे दर देवाने लावलेला नाही. तो बापाने लावला, आणि राजघराण्याने तो मुकाट्याने भरला. शुनःशेपाजवळ देण्यासारखे काहीच नव्हते. तो एकेका देवतेची स्तुती करीत जातो, उषेपाशी येता येता पाश गळतात, आणि राजाचे पोटही उतरते. नंतर बाप मुलाला परत मागतो, मुलगा जात नाही.

या कथेशेजारी ठेवून पाहिले म्हणजे खेळातील नियमांचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. समोरच्याला नकाराचा अधिकार देणे हे बळ. नवस बोलणाऱ्याच्या मनात हा नकार कितीदा असतो? देव ‘नाही’ म्हणू शकतो हे आपण कौल लावताना मान्य करतो. मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडेल की डावी, हे पुजाऱ्याच्या वक्तृत्वावर अवलंबून नसते, आणि तेथे सहा गुणांची सवलतही नाही. (मनासारखी पाकळी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणारे भाविक आम्ही पाहिले आहेत, पुजाऱ्याच्या कपाळावरची आठीही पाहिली आहे.) नवसाच्या भाषेत मात्र आपण ‘फेडणे’ हे कर्जाचेच क्रियापद वापरतो. देवस्थानांच्या दर्शनी भिंतीवरचे फलक म्हणजे साहित्याचा आणि पुरोहिताच्या श्रमाचा आकार, असे आम्ही भाचीला समजावू लागलो. तिने शांतपणे दाखविले की पुस्तकातही मोबदला मित्रपक्षाच्या देवळाला सोने देऊन चुकविता येतो. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उणीव अशी की कोष्टक समोर असले म्हणजे आळशी सूत्रधार तेथेच थांबतो. रक्कम वजा होते, सत्त्व कामाला लागते, आणि जे क्षणभरापूर्वी अद्भुत होते ते भाड्याच्या बैलासारखे जुंपले जाते. ते कोठून आले, त्याला काय हवे, आपल्यामुळे त्याचे काय गमावले, हे कोणी विचारीत नाही. आकडे नवशिक्यांच्या सोयीसाठी असतील. आमचे मत असे की ते पानाच्या तळाशी जावेत आणि अनुभवाच्या वाट्याची ओळ अगदी वर यावी.

चौथ्या रात्री मंडळींनी पुन्हा आवाहन करावयाचे ठरविले. धाकट्याला पुलावरून परत आणावयाचे होते. पुतण्या वही घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, ते गाऱ्हाणे कसे घालतात ते लिहून द्या ना.” आम्हांस निम्मेच येत होते. उरलेले मातोश्रींनी आतून, जपाची माळ खाली न ठेवता, कोकणीत सांगितले, आणि पुतण्याने ते उतरून घेतले. मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. भाचीने थोडा वेळ पुस्तक चाळले, मग मिटले, आणि सत्त्व आले आहे असे सांगितले. किती मुद्रा, ते कोणी विचारले नाही. तेवढ्यात वीज गेली आणि खेळ तेथेच राहिला. सकाळी मुलांना नागपूरची गाडी गाठावयाची होती.