सहा आठवड्यांचे संख्याशास्त्र : घ्यावे काय, सोडावे काय?

पदवीच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला प्रमाण विचलनाचे सूत्र विचारा. तो ते घडाघडा म्हणून दाखवील. दहा आकडे दिले तर उत्तरही बरोबर काढील. पण 'या उत्तराचा अर्थ काय?' असे विचारले की तो आपल्याकडे पाहत राहतो. जीवशास्त्र शिकणाऱ्याला संख्याशास्त्र ही गणितवाल्यांची मिरास वाटते, तर गणित शिकणाऱ्याला त्या आकड्यांमागे माणसे, रोगी, अर्भके असतात याचा पत्ताच नसतो. या दोघांच्या मधली जागा जैवसंख्याशास्त्राची आहे आणि महाविद्यालयात बहुधा तीच रिकामी राहते.

ही जागा भरण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. २००४ साली तेथील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या अनुदानातून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जैवसंख्याशास्त्राचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. बोस्टन विद्यापीठ, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ ही पहिली तीन केंद्रे. पुढे आयोवा, एमोरी, पिट्सबर्ग, कोलंबिया अशा इतर विद्यापीठांतही असे वर्ग भरले. मुदत साधारण सहा आठवड्यांची. शिकवणीचा व राहण्याचा खर्च अनुदानातून होई. सकाळी व्याख्याने, मग संगणकावर काम, मधूनमधून संशोधकांच्या भेटी आणि शेवटी गटाने केलेल्या छोट्या प्रकल्पाचे सर्वांसमोर निवेदन, असा एकूण क्रम. वैद्यकीय संशोधनाला लागणारे संख्याशास्त्रज्ञ पुरेसे मिळत नव्हते. तेव्हा तरुणांना वेळीच या विषयाची चव दाखवावी, म्हणजे त्यांतले काही पदव्युत्तर शिक्षणाला इकडे वळतील, हा त्यामागचा उघड हेतू होता.

सहा आठवड्यांत कोणी संख्याशास्त्रज्ञ होत नाही; या वर्गांनीही तसा दावा केलेला नाही. तेव्हा त्यांचे मोल किती शिकवले यावरून न ठरवता, कोणत्या क्रमाने शिकवले यावरून ठरवले पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकाचा क्रम ठरलेला आहे : व्याख्या, सूत्र, सोडवलेले उदाहरण, मग सरावाची उदाहरणे. आकडे येतात ते सूत्राला खाद्य म्हणून. उन्हाळी वर्गात हा क्रम उलटा आहे. आधी प्रश्न, मग खऱ्या माणसांची माहिती, आणि तिथे अडल्यावर सूत्र.

बोस्टनच्या वर्गाला तर यासाठी घरचीच खाण मिळाली. शहराजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली हृदयविकाराचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वर्षे वयाचे ५,२०९ स्त्रीपुरुष त्यात सामील झाले आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली. कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, आणि दोघांत आधीपासून काय वेगळे होते, हे त्यातून कळत गेले. उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना आज आपण 'जोखमीचे घटक' म्हणतो. तो शब्दप्रयोग रूढ झाला तो याच अभ्यासाच्या १९६१ मधील निबंधानंतर.

आता अशी माहिती विद्यार्थ्यांपुढे ठेवून विचारले, 'रक्तदाब जास्त असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो का?' तर तो दोन रकाने व दोन ओळींचा तक्ता मांडतो आणि म्हणतो, 'होतो.' लगेच शेजारचा विचारतो, 'पण रक्तदाब वयाबरोबरही वाढतो. मग हा दोष रक्तदाबाचा की वयाचा?' झाले! आता वयोगट वेगळे करून पाहण्याची गरज त्यांची त्यांनाच पटते. त्यानंतर येणारे सूत्र परीक्षेसाठी आलेले नसते, ते अडचणीत हात देण्यासाठी आलेले असते. या वर्गांपासून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच.

पण कौतुक येथे थांबवून काही उणिवाही पाहिल्या पाहिजेत.

पहिली उणीव अशी की, विद्यार्थ्याच्या हाती येणारी माहिती आधीच गोळा झालेली असते. मोजण्याचे कष्ट दुसऱ्याने केलेले. याच्या वाट्याला फक्त विश्लेषण. सहा आठवड्यांत दुसरे शक्यही नाही, हे मान्य. पण त्यामुळे एक चुकीची समजूत रुजते, की आकडे हे झाडाला लागलेल्या फळासारखे असतात. जाऊन तोडायचे एवढेच. प्रत्यक्षात आकडा घडवावा लागतो.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवेच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९३–९५ मध्ये दर हजार जन्मांमागे ६२ होते, ते सेवेच्या तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत मात्र ते ५८ वरून ५९.६ झाले, म्हणजे जागचे हलले नाही. हे आकडे फळ्यावर लिहायला एक मिनिट लागते. पण ते मिळवायचे कसे याचा विचार करा. बाळंतीण माहेरी गेली तर तिचे बाळ कोणत्या गावात मोजायचे? जन्मल्यावर एकदाच श्वास घेऊन गेलेले मूल 'मृत जन्मले' म्हणायचे की 'जन्मून मेले'? घरच्यांनी सांगितलेच नाही तर? यांतल्या प्रत्येक उत्तराने भागाकार बदलतो. हे प्रश्न ज्या वर्गात विचारले जात नाहीत, तेथे विद्यार्थी हिशेब शिकतो, पण शंका घ्यायला शिकत नाही. आणि तुलनेची गावे ठेवली नसती तर काय झाले असते, हाही प्रश्न विचारायला हवा. एरवी ६२ चे २५.५ झाले ते सेवेमुळे की काळ बदलला म्हणून, हे कळायला मार्गच उरला नसता.

दुसरी उणीव, एका गावाचे सत्य सर्वांना लावण्याची. फ्रेमिंगहॅमच्या मूळ अभ्यासातील माणसे बहुतेक सर्व युरोपीय वंशाची होती. त्यांच्यावरून काढलेले जोखमीचे कोष्टक साताऱ्याच्या किंवा मडगावच्या माणसाला जसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालता येत नाही. ज्या वर्गात एकाच प्रसिद्ध अभ्यासावर भर असतो, तेथे 'ही माणसे कोण होती?' हा प्रश्न शिक्षकाने मुद्दाम विचारावा लागतो.

तिसरी उणीव मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती हेतूतच आहे. हे वर्ग भावी संख्याशास्त्रज्ञ शोधण्यासाठी काढले गेले. निवडक विद्यार्थी, मोजक्या जागा, त्याही अमेरिकेचे नागरिक व तेथील कायमचे रहिवासी यांच्यापुरत्या. पण संख्याशास्त्राचे अज्ञान महाग पडते ते उरलेल्या सर्वांना. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' या शब्दाने घबराट उडाली आणि पुष्कळ स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांत सुमारे एकीला हा त्रास होत असे, नव्या गोळ्यांनी सुमारे दोघींना. दुप्पट हे खरेच. पण ७,००० मागे एकीची वाढ हेही तितकेच खरे. पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. येथे गणित कोणाचेच चुकले नव्हते. आकडा सांगणाऱ्याला तो नीट सांगता आला नाही आणि ऐकणाऱ्याला 'कितीपैकी?' हे विचारायचे सुचले नाही. हा प्रश्न विचारायला पदव्युत्तर पदवी लागत नाही, शाळा पुरते.

मग आपण काय करावे? अनुदान, वसतिगृह, संगणक यांची वाट पाहू नये. त्या वर्गांचा कालावधी आपल्याला उचलता येणार नाही, पण क्रम उचलता येईल. त्यासाठी एका तासाचा हा प्रयोग करून पाहा.

१९४८ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची. कोणत्या रोग्याला औषध द्यायचे हे डॉक्टरने ठरवायचे नाही, ते यादृच्छिक अंकांवरून ठरले आणि बंद पाकिटातून कळले. सहा महिन्यांनंतर औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. वर्गाला विचारा : हा औषधाचा गुण, की निव्वळ योगायोग?

सूत्र सांगू नका. एका पिशवीत १०७ चिंचोके घाला, त्यांतील १८ वर चुन्याचा ठिपका द्या, हे दगावलेले. औषधाचा काहीच उपयोग नसता, तर हे अठराजण कोणत्याही गटात गेले तरी दगावलेच असते. आता न पाहता ५५ चिंचोके काढा आणि ठिपके मोजा. बहुतेक वेळा ते नऊच्या आसपास येतील. चाळीस मुलांनी जोडीजोडीने पाच-पाच वेळा हा खेळ केला की शंभर निकाल हाती येतात. त्यांत चार किंवा त्याहून कमी ठिपके एखाद्या वेळी येतील, कदाचित एकदाही येणार नाहीत. योगायोगाने इतका फरक पडणे किती दुर्मिळ आहे, हे मुलांना स्वतःच्या बोटांनी कळते. 'सार्थकता कसोटी' हे नाव त्यानंतर सांगावे.

आणि तास संपण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला विसरू नये. पुढे पुष्कळ रोग्यांतील जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील अंतर बरेच कमी झाले. चिंचोक्यांचा हिशेब बरोबरच होता. पण तो 'सहा महिन्यांनी काय झाले?' या प्रश्नाचा होता. उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे ज्याला सांगता येते, त्याला संख्याशास्त्राची वाट सापडली असे समजावे. मग ती सहा आठवड्यांत सापडो वा एका तासात.