‘रासायनिक ठसा’ : एका संज्ञेची चिकित्सा

फळांच्या रसाचे उगमस्थान प्रयोगशाळेत ठरविण्याच्या पद्धतींची चर्चा करताना ‘रासायनिक ठसा’ ही संज्ञा सर्रास योजिली जाते. बोटाचा ठसा एका व्यक्तीचा आणि केवळ तिचाच असतो. रसातील समस्थानिकांच्या प्रमाणाविषयी तसे म्हणता येईल काय, हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नव्हे.

पद्धतीचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. आंबा व ऊस यांच्या प्रकाशसंश्लेषणाची रीत भिन्न आहे. त्यामुळे प्रमाणद्रव्याच्या तुलनेत कार्बन-१३ आंब्याच्या शर्करेत हजारी सुमारे २५ ने, तर उसाच्या शर्करेत सुमारे ११ ने उणा असतो. आमरसात मिसळलेली उसाची साखर यामुळे उघडकीस येते. बीटची साखर या कसोटीतून निसटते. तिच्यासाठी नांत येथील झेरार मार्तें यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली ड्यूटेरियम-मापनाची रीत उपयोगी पडते. परंतु येथे सिद्ध होते ती भेसळ, उगम नव्हे.

उगमासाठी मुख्यतः दोन खुणा पाहतात : पाण्यातील ऑक्सिजन-१८ आणि मातीतून आलेले स्ट्रॉन्शियम. पहिली समुद्रापासूनचे अंतर व उंची यांनुसार पालटते. आटविलेल्या रसात कारखान्याचे पाणी घातले की ती पुसली जाते. दुसरी खडकानुसार पालटते. नेसरीच्या शिवारातील उसाचा रस घेतला, तर तिची मर्यादा ध्यानी येते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन लाभले. परंतु दख्खनचा बेसॉल्ट काही जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. शेजारचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तो कोल्हापुरात आला म्हणून तेथील रसातील स्ट्रॉन्शियम पालटले नाही.

बोलीभूगोलाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही. उच्चारावरून वक्त्याचा प्रदेश बहुधा सांगता येतो, गाव क्वचितच. आणि तेही त्या प्रदेशातील नमुने आधी पुरेसे गोळा केलेले असतील तरच. समस्थानिकांचा निष्कर्षही असाच तौलनिक व संभाव्य असतो.

म्हणून ‘ठसा’ न म्हणता ‘प्रादेशिक लक्षण’ म्हणणे युक्त होय. ठसा जुळला नाही म्हणजे माणूस खोटा, असाच अर्थ व्यवहारात घेतला जातो. लक्षण जुळले नाही तर फक्त पुढील चौकशीस कारण मिळते. नाव आणि भाव ज्याच्या मालाला जोडलेले आहेत, त्या प्रामाणिक शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर थोडे नाही.