पाच मिनिटं कुणाची? 'फॅन' सिनेमा आणि चाहत्यांवरचं संशोधन

आधी एक गंमत सांगते. छताला फिरतो तो फॅन आणि नटासाठी जीव टाकतो तो फॅन, हे इंग्रजीत मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार तेवढा सारखा झाला. पंख्याचा फॅन लॅटिन 'वान्नुस'वरून आला, म्हणजे धान्य पाखडायचं साधन, आपलं सूप. चाहत्याचा फॅन मात्र 'फॅनॅटिक' या शब्दाचं छोटं रूप मानला जातो आणि त्याच्या मुळाशी आहे 'फानुम', म्हणजे देऊळ. देवळात अंगात आलेला माणूस तो फॅनॅटिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्या प्रेक्षकांना फॅन म्हणायला लागले आणि शब्द रुळला.

हे दोन शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागतील. आज बोलायचंय २०१६च्या 'फॅन' या हिंदी सिनेमाबद्दल. (कथा उघड करणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

मनीष शर्मा दिग्दर्शक, शाहरुख खान दोन्ही भूमिकांत: सुपरस्टार आर्यन खन्ना आणि त्याच्यासारखा दिसणारा दिल्लीचा गौरव. गौरव सायबर कॅफे चालवतो, कॉलनीतल्या स्पर्धेत आर्यनची नक्कल करून बक्षीस जिंकतो आणि ते त्याला द्यायला मुंबईला जातो. भेट होत नाही. मग आर्यनबद्दल वाईट बोललेल्या एका नटाला तो मारहाण करून माफी मागायला लावतो. आर्यन त्याला पोलिसांकरवी आत टाकतो. कोठडीत गौरव फक्त पाच मिनिटं मागतो. आर्यन म्हणतो, माझं आयुष्य माझं आहे, त्यातली पाच मिनिटं मी तुला का देऊ?

इथपर्यंत सिनेमा जबरदस्त आहे. तो प्रश्न खरा आहे आणि आर्यनची बाजूही खरी आहे. आपण कुणावर प्रेम करतो म्हणून त्याच्या वेळेवर आपला हक्क लागत नाही. पण पुढे काय होतं? गौरव सूडाला पेटतो, लंडन, डुब्रोवनिक, पाठलाग, मारामारी, आणि शेवटी उंचावरून पडून मरतो. प्रश्न तिथेच राहतो. चाहता वेडा निघाला की ताऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही.

आता यात संशोधनाचा संबंध काय, ते सांगते. १९९२ साली जोली जेन्सन यांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की फॅनबद्दल बोलताना आपल्यापुढे दोनच चित्रं असतात: एकटा, झपाटलेला माणूस किंवा उन्मादी गर्दी. दोन्ही रोगाची चित्रं. आणि गंमत म्हणजे हे 'ते' असतात, 'आपण' कधीच नसतो. एखादे प्राध्यापक एकाच कवीवर तीस वर्षं घालवतात तेव्हा तो व्यासंग. रिक्षावाला नटाचा फोटो तीस वर्षं काचेवर लावतो तेव्हा ते वेड. तुम्ही स्वतःला रसिक म्हणता की फॅन? उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा.

'फॅन'मध्ये ही दोन्ही चित्रं जशीच्या तशी आहेत. गौरव एकटा, आणि बंगल्याखाली बिनचेहऱ्याची गर्दी. मधलं सगळं गायब. गौरवला आर्यनचा चाहता असलेला एकही जवळचा मित्र नाही. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला सोबत जाणारं टोळकं नाही, पोस्टरसाठी वर्गणी नाही, दुसऱ्या नटाच्या चाहत्यांशी भांडण नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. कारण फॅनपण एकट्याने होतच नाही.

पंखाच घ्या. पंखा खोली गार करत नाही. रिकाम्या बंद खोलीत तो लावून ठेवला तर मोटरच्या उष्णतेने खोली उलट किंचित तापेल. वारा लागून घाम वाळतो, म्हणून गार वाटतं ते खोलीतल्या माणसाला. माणसंच काढून घेतली तर पंख्याचं काय काम उरलं? सिनेमाने गौरवला असंच रिकाम्या खोलीत फिरवलंय आणि मग म्हणतोय, बघा किती तापला.

मी सोलापुरात काम करते, तेलुगू बोलणाऱ्या घरांमधल्या सिनेमाच्या चाहत्यांवर. माझा आधार एस. व्ही. श्रीनिवास यांचं लेखन. चिरंजीवी आणि आंध्रातल्या चाहता संघटनांवर त्यांनी बरीच वर्षं काम केलंय. ते दाखवतात की या चाहत्यांची भक्ती बिनशर्त नसते. नटाने कसं दिसावं, कसल्या भूमिका कराव्यात, यावर ते हक्क सांगतात आणि अपेक्षाभंग झाला की बिनसतात. आपल्याकडे बालगंधर्वांचं उदाहरण आहेच. स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राने जीव ओवाळला, पण १९३५च्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले, तेव्हा ती जादू चालली नाही. प्रभातबरोबरची भागीदारी त्या एकाच चित्रपटावर आटोपली. प्रेम होतं, पण अटींवर.

आणखी एक गोष्ट टोचते. सिनेमा यायच्या आधी 'जबरा फॅन' गाणं सगळीकडे वाजत होतं. मराठीतही आलं होतं, अवधूत गुप्त्यांच्या आवाजात. त्यात फॅनपण म्हणजे नुसता आनंद, गल्लीभर नाच. प्रत्यक्ष सिनेमात ते गाणं नाही, कुठलंच गाणं नाही. म्हणजे तिकीट काढेपर्यंत चाहता हा लाडका गिऱ्हाईक, आणि आत बसल्यावर त्याला सांगायचं की तू धोका आहेस. दर २ नोव्हेंबरला बांद्र्याच्या बंगल्याबाहेर उभं राहणाऱ्यांनाच हा सिनेमा विकायचा होता ना?

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात एका मुलाखतीत सांगत होते. समोरचे काका पन्नाशीचे, पूर्वी मागावर होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमचा एक तास घेतला. तुमचं छापून आलं की आम्हाला वाचता येईल का?"

मी गप्प झाले. ते इंग्रजीत छापून येणार होतं, पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात. गौरवने पाच मिनिटं मागितली तर आर्यन निष्ठुर. मी साठ मिनिटं घेतली, तीही परत न देण्यासाठी, आणि वर त्याला संशोधन म्हणते! चाहत्याला वस्तू करून ठेवायचं काम फक्त सिनेमा करत नाही, हे त्या दिवशी कळलं. मराठीत हे लेख लिहायला लागले ते त्यानंतर. हा लेख छापून काकांना नेऊन देणार आहे. ते माझ्या चुका काढतील, याची खात्री आहे.

तर 'फॅन' पाहा, शाहरुखच्या कामासाठी नक्की पाहा. गौरवची चाल, त्याचं ओशाळं हसू, विसरता येत नाही. फक्त तो चाहत्यांचा सिनेमा आहे असं समजू नका. तो ताऱ्याला पडलेलं चाहत्याचं दुःस्वप्न आहे. त्या अर्थाने प्रामाणिकही आहे.

आणि ते दोन शब्द? शब्दकोश म्हणतो, चाहत्याचा फॅन देवळातला. सोलापुरात मला भेटलेले चाहते मात्र जास्त सुपासारखे वाटतात. हातात सगळं घेतात, हवेत उडवतात, दाणे ठेवतात, फोलपटं टाकतात. कधी कधी त्या फोलपटांत आमच्यासारखे अभ्यासकही असतात.

तुम्ही कुणाचे फॅन आहात, आणि त्यांच्यावर कधी रुसलात? मला कळवा. यावेळी वेळ मी देणार.