अमर्याद सिनेमे, मोजून पाठवलेले: डीव्हीडी भाड्याच्या सेवेतील विलंबाची चिकित्सा

महिन्याला ठरलेली रक्कम भरा आणि हवे तितके सिनेमे घरपोच मिळवा. २००५-०६ च्या सुमारास बेंगळुरूच्या सेव्हंटीएमएम या कंपनीने ही कल्पना आपल्याकडे आणली. संकेतस्थळावर आवडत्या सिनेमांची यादी करायची, कंपनीचा माणूस दारात येऊन डीव्हीडी देणार आणि पाहून झाली की घेऊन जाणार. मूळ नमुना अमेरिकेतील नेटफ्लिक्सचा. ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली, १९९८ पासून टपालाने डिस्क पाठवू लागली आणि १९९९ मध्ये मासिक वर्गणीकडे वळली. आज तुम्ही तिला फोनवर सिनेमा दाखवणारी कंपनी म्हणून ओळखता. टपालाची तिची सेवा मात्र २९ सप्टेंबर २०२३ पर्यंत चालू होती.

आता ती सेवा बंद झाली, मग तिचा अभ्यास कशाला? कारण 'ठरलेले पैसे, हवा तितका वापर' हे वचन संपलेले नाही. तुमच्या इंटरनेट जोडणीत, मेसमध्ये, घरपोच मागवण्याच्या ॲपच्या सदस्यत्वात ते रोज भेटते. अशा सेवेत पोच उशिरा होऊ लागली की ग्राहक म्हणतो, "कारभार ढिला झाला." हे निदान अनेकदा अपुरे असते. ठरावीक वर्गणीच्या सेवेत वेग हा किमतीचाच भाग असतो. म्हणून वेग कमी झाला की किंमत वाढली, असे समजून हिशोब मांडला पाहिजे. तोच आपण येथे मांडू.

१. एका फेरीचे गणित

नेटफ्लिक्सच्या लोकप्रिय योजनेत ग्राहकाकडे एका वेळी तीन डिस्क असत. परतीची तारीख नाही, दंड नाही. एक डिस्क परत पोचली की यादीतील पुढची निघे. म्हणजे 'अमर्याद' या शब्दाला मर्यादा होती, आणि ती फेरीच्या लांबीची होती.

रांगांच्या सिद्धांतातील लिटलचा नियम येथे थेट लागू पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आपल्या उदाहरणात तो असा:

हातातील डिस्कची संख्या = रोज मिळणाऱ्या डिस्क × एका फेरीचे दिवस

समजा, डिस्क यायला एक दिवस, पाहायला एक, परत जायला एक आणि गोदामातून पुढची निघायला एक. फेरी चार दिवसांची. तीन डिस्क भागिले चार, गुणिले तीस: महिन्याला साडेबावीस सिनेमे. आता गोदामाने पुढची डिस्क दोन दिवस उशिरा काढली. फेरी सहा दिवसांची झाली, सिनेमे पंधरावर आले. उशीर केवळ दोन दिवसांचा, पण महिन्याचे एक तृतीयांश सिनेमे गेले.

याच गणिताकडे कंपनीच्या बाजूने पाहा. २००५ मध्ये या योजनेची वर्गणी १७.९९ डॉलर होती. हिशोब सोपा राहावा म्हणून एका फेरीचा खर्च एक डॉलर धरू. साडेबावीस फेऱ्यांना या ग्राहकामागे कंपनीला ४.५१ डॉलर तोटा. पंधरा फेऱ्यांना २.९९ डॉलर नफा. दोन दिवसांच्या विलंबाने तोट्याचे चिन्ह बदलले. ग्राहकाला एक सिनेमा आधी सुमारे ८० सेंटना पडत होता, तो आता १.२० डॉलरला पडू लागला. दरपत्रकावरचा आकडा तसाच राहिला आणि किंमत दीडपट झाली.

आता दुसरा ग्राहक घ्या. तो प्रत्येक डिस्क दहा दिवस ठेवतो. त्याची फेरी तेरा दिवसांची, महिन्याला जेमतेम सात सिनेमे. त्यात तेच दोन दिवस मिळवा. सातचे सहा होतील, आणि ते बहुधा त्याच्या लक्षातही येणार नाही. विलंब तोच, पण त्याचा मार भरपूर सिनेमे पाहणाऱ्यालाच बसतो.

मेसमध्ये जेवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. थाळी अमर्याद असते. पण सहाव्या पोळीनंतर वाढपी आपल्या रांगेकडे फिरकत नाही. 'नाही' कोणीच म्हणत नाही. पोळी येतेच, फक्त भाजी संपल्यावर येते.

२. विलंब तीन प्रकारचा

विलंब दिसला की सरसकट लबाडीचा आरोप करणे हे अभियंत्याचे काम नव्हे. कारणे निदान तीन असू शकतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

पहिला, गर्दीचा विलंब. गोदामातील एक टेबल तासाला १०० डिस्क हाताळू शकते असे समजा. आवक आणि हाताळणी दोन्ही अनियमित असतील, तर रांगेच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार प्रत्येक डिस्कचा सरासरी वेळ म्हणजे एक भागिले क्षमता आणि आवक यांतील फरक. आवक ८० असताना तीन मिनिटे, ९० असताना सहा, ९५ असताना बारा, ९८ असताना तीस. आवक ८० वरून ९८ झाली, म्हणजे पाव पटीहूनही कमी वाढली. वेळ मात्र दसपट झाला. सेवा लोकप्रिय होत असतानाच ती का रेंगाळते, ते यातून कळते. या विलंबाची खूण अशी की तो सर्वांना सारखा भोवतो. तुम्ही महिन्यात दोन सिनेमे पाहता की वीस, याच्याशी रांगेला देणेघेणे नसते.

दुसरा, विरळपणाचा विलंब. हा पहिल्याच्या उलट वागतो आणि बेंगळुरूच्या संदर्भात तोच अधिक शिकवणारा आहे. अमेरिकेत टपालवाला रोज प्रत्येक दारी जातोच. पाकिटात एक डिस्क आली म्हणून त्याची फेरी वाढत नाही. आपल्याकडे डिस्क द्यायला माणूस खास दुचाकी काढून निघणार. कोरमंगलात एका गल्लीत पाच ग्राहक असतील तर त्याची फेरी परवडते. येलहंकाला एकच असेल तर परवडत नाही. मग साहजिकच त्या भागातील भेटी साठवून एकदम काढण्याकडे कल होतो. वीस भेटी जमल्यावर एक फेरी, असा नियम धरा. रोज वीस मागण्या येणाऱ्या भागात सरासरी थांबणे अर्ध्या दिवसाचे. रोज पाच येणाऱ्या भागात सुमारे दोन दिवसांचे. त्यात नवी डिस्क देणे आणि जुनी नेणे एकाच भेटीत असेल, तर टपालाची एक खेप वाचते खरी, पण घरी कोणीतरी असावे लागते. नवरा-बायको दोघेही सिल्क बोर्डच्या चौकात अडकले असतील, तर भेट फुकट आणि आणखी एक दिवस वाया.

येथे ग्राहक घटले की विलंब वाढतो, आणि विलंब वाढला की ग्राहक आणखी घटतात. कमी प्रवाशांच्या मार्गावर बसच्या फेऱ्या कमी होतात, मग उरलेले प्रवासीही रिक्षा पकडतात, तसेच हे चक्र आहे. नेटफ्लिक्सच्या उत्तरार्धात हेच दिसते. एके काळी तिची पन्नासाहून अधिक वितरण केंद्रे होती. २०१५ पर्यंत ती ३३ वर आली. २०१४ मध्ये तिने शनिवारी डिस्क हाताळणे थांबवले. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानेही साध्या टपालासाठी 'दुसऱ्या दिवशी पोच' हा स्थानिक निकष जवळपास सोडून दिला. यात एका ग्राहकाविरुद्ध डाव नव्हता. घटत्या धंद्यात सगळ्यांचीच फेरी लांबत गेली. या विलंबाची खूण भूगोलात असते: तो भागाप्रमाणे बदलतो.

तिसरा, धोरणाचा विलंब. तो ग्राहकाच्या वापराप्रमाणे बदलतो. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोघांपैकी कमी सिनेमे पाहणाऱ्याला डिस्क लगेच आणि जास्त पाहणाऱ्याला दोन दिवसांनी मिळत असेल, तर कारण ना गर्दी, ना अंतर. तो कोणीतरी लिहिलेला नियम आहे.

३. नियम उघडकीस आला तेव्हा

असा नियम होता, हे नेटफ्लिक्सच्या बाबतीत कागदावर आले. सप्टेंबर २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका ग्राहकाने कंपनीवर खटला भरला. 'अमर्याद' आणि 'एका दिवसात पोच' ही जाहिरात दिशाभूल करणारी आहे, अशी त्याची तक्रार होती. जानेवारी २००५ मध्ये कंपनीने आपल्या वापराच्या अटी बदलल्या आणि त्यांत स्पष्ट लिहिले की कमी डिस्क घेणाऱ्या सदस्यांना पाठवणीत आणि साठ्यात प्राधान्य मिळते. जास्त घेणाऱ्यांना पुढची डिस्क उशिरा निघू शकते आणि यादीतील वरची पसंती मिळण्याची शक्यता कमी असते.

कंपनीने चूक कबूल केली नाही; तडजोड केली. सध्याच्या सदस्यांना महिनाभर वरच्या योजनेचा लाभ, सोडून गेलेल्यांना एक महिना फुकट. पण मूळ प्रस्तावात मेख होती: महिना संपल्यावर ग्राहकाने स्वतःहून बदल केला नाही, तर वाढीव वर्गणी चालूच राहणार होती. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने यावर न्यायालयात आक्षेप नोंदवला आणि तडजोड सुधारावी लागली. उशिराची भरपाई म्हणून दिलेली भेटसुद्धा विक्रीचे साधन होऊ शकते, हे या प्रकरणातून लक्षात ठेवा.

४. कंपनीची बाजू, आणि तरीही उरणारा दोष

चिकित्सा करायची तर समोरच्याची बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे. नव्या सिनेमाच्या शंभर प्रती आहेत आणि मागणारे हजार. ज्याला या महिन्यात वीस सिनेमे मिळाले त्याला आधी द्यावी, की ज्याला दोनच मिळाले त्याला? संगणक नेटवर्कमध्ये बँडविड्थ वाटताना आपण जे तत्त्व शिकवतो ते हेच सांगते: ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याचा वाटा आधी वाढवा. शिवाय कमी पाहणाऱ्याची वर्गणी जास्त पाहणाऱ्याचा खर्च भागवत असते. म्हणून निव्वळ वाटपाचा नियम म्हणून पाहिले, तर कंपनीचा नियम अन्याय्य ठरत नाही.

माझा आक्षेप तीन ठिकाणी आहे.

एक, शब्दाचा. 'अमर्याद' म्हणून विकायचे आणि आत मर्यादा राबवायची, हे चालणार नाही. महिन्याला पंधरा सिनेमे परवडतात, तर पंधराची योजना विका. ग्राहक गणित करू शकतो; त्याला आकडे द्यावे लागतात.

दोन, लपवण्याचा. उशिराचे कारण ठाऊक नसलेला ग्राहक टपाल खात्याला दोष देतो, गोदामाला दोष देतो, कधी स्वतःच्या पत्त्याला. आपण जितके जास्त वापरू तितके मागे पडू, हे त्याला कळले असते तर त्याने कदाचित स्वस्त योजना घेतली असती. तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला गेला. आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवेतील 'त्रुटी'ची व्याख्या करताना संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हेही त्रुटीतच धरतो. नियम लपवणे ही नुसती गैरसोय नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

तीन, सरासरीचा. समजा ९० ग्राहकांची डिस्क एका दिवसात निघते आणि १० जणांची तीन दिवसांत. ग्राहकांची सरासरी १.२ दिवस. 'दहापैकी नऊ ग्राहकांना एका दिवसात' ही जाहिरातही खरी ठरेल. पण धोरणाचा सगळा भार त्या दहा जणांवर आहे, आणि सरासरीत ते दिसतच नाहीत. म्हणून कोणत्याही सेवेचा दावा वाचताना विचारा: सरासरी कोणाची, ग्राहकांची की पाठवलेल्या डिस्कची? आणि शेवटच्या दहा टक्क्यांत कोण आहेत?

५. डिस्क गेली, प्रश्न राहिला

सेव्हंटीएमएम पुढे वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीकडे वळली आणि नंतर बंद पडली. तिने वापर पाहून ग्राहक मागे ठेवले, असा माझा दावा नाही. ठरावीक वर्गणी आणि प्रत्येक फेरीचा खर्च, ही रचना मात्र तीच होती. आज तीच रचना इंटरनेटच्या 'रास्त वापर' धोरणात आहे. ठरावीक डेटानंतर वेग घसरतो. पण तेथे नियम निदान सांगावा लागतो, आणि २०१६ मध्ये ट्रायने घसरलेल्या वेगालाही ५१२ केबीपीएसचा तळ आखून दिला. डिस्कच्या ग्राहकाला खटल्यापूर्वी यातले काहीच मिळाले नव्हते: ना मर्यादेची माहिती, ना किमान वेगाची हमी.

उद्या तुमच्यापैकी कोणीतरी बेंगळुरूतीलच एखाद्या कंपनीत पाठवणीचा क्रम ठरवणारा प्रोग्रॅम लिहील. प्राधान्याची ती ओळ लिहिण्यात गैर काही नाही. मात्र ग्राहकाला वाचून दाखवता येणार नाही अशी ओळ लिहायला सांगितली गेली, तर ती का लिहायची, हे तेव्हाच विचारा.

विचारासाठी प्रश्न

१. एका वेळी दोन डिस्कची योजना आणि पाच दिवसांची फेरी असेल, तर महिन्याला किती सिनेमे मिळतील? फेरी एका दिवसाने लांबली तर किती कमी होतील?

२. तुमच्या वसतिगृहातील वायफाय रात्री मंद होते. तो विलंब गर्दीचा, विरळपणाचा की धोरणाचा, हे ओळखण्यासाठी आठवडाभर कोणत्या नोंदी ठेवाल?

३. जास्त वापरणाऱ्याला मागे ठेवणारा, पण पूर्णपणे जाहीर केलेला नियम तुम्हाला मान्य आहे का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.