दुसऱ्याच्या ओट्यावर

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. दिवाळी अंकांत ती असतात, रविवारच्या पुरवण्यांत असतात, आणि आता मोबाइलवर तर रोज नवं काहीतरी येतं. तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली पुस्तकं आठवायला बसलं की किल्ले, कॅथीड्रलं, धबधबे, हॉटेलं डोळ्यांपुढे येतात; माणसं क्वचितच येतात. आली तरी गाइड, टॅक्सीवाला आणि विमानात शेजारी बसलेली आजी, एवढीच. प्रवासाने माणसांच्या नाना तऱ्हा कळतात असं आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. मग या पुस्तकांतून त्या का कळत नाहीत?

मला याचं कारण प्रवाशाच्या सोयीत दिसतं. ज्याला वाटेत कुणाकडे काही मागावं लागत नाही, त्याच्याशी कुणी मनापासून बोलत नाही. मराठीतली टिकलेली प्रवासवर्णनं गरजूंनी लिहिलेली आहेत, किंवा ज्यांनी गरज मुद्दाम ओढवून घेतली त्यांनी.

गोडसे भटजींचंच पाहा. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्जाच्या ओझ्यापायी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढाच हेतू. वाटेत बंड पेटलं. 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांच्या हातून १९०७ मध्ये छापून निघालं, आणि आजही ते वाचताना माणसं अंगावर येतात. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भटजींची आणि राणीची गाठ पडते तो प्रसंग घ्या. राणी पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी दोर ओढू नये म्हणून ती स्वतःच पाणी काढते आणि मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीने पिते. सगळं हातचं गेलेलं असताना तिने पाळलेली ही रीत टिपायला इतिहासकार तिथे नव्हता. दक्षिणेसाठी घराबाहेर पडलेला एक भिक्षुक होता. लुटारूंनी त्याला पुन्हा पुन्हा नागवलं, आणि दर वेळी कुणीतरी अनोळखी माणसाने जेवू घातलं. पुस्तकातला निम्मा हिंदुस्थान त्याला असल्या जेवणांतून दिसला आहे.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत हिंडल्या. १८८९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात तिथली लोकसत्ता आहे, स्त्रियांच्या संस्था आहेत आणि काळ्या माणसांना मिळणारी वागणूकही आहे. हात पसरून हिंडणाऱ्या बाईला यजमानाच्या दिवाणखान्याइतकंच त्याचं मागचं दारही दिसतं.

विसाव्या शतकात हा प्रकार ललित झाला, आणि त्यात पु. लं.चा वाटा फार मोठा. 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' यांनी मध्यमवर्गाला परदेश घरबसल्या दाखवला. पुढच्यांनी मात्र त्यांतली गंमत तेवढी उचलली: तिकडचं पाहायचं आणि लगेच आपल्याकडच्याशी ताडून हसायचं. 'वंगचित्रे'कडे त्यांचं लक्ष गेलं नाही. पन्नाशीला आलेला, घरोघर नाव पोचलेला लेखक शांतिनिकेतनात बंगाली शिकायला विद्यार्थी म्हणून बसतो, म्हणून त्या पुस्तकातली बंगाली माणसं नुसता विनोदाचा विषय होत नाहीत. मला ते त्यांचं सर्वांत चांगलं प्रवासाचं पुस्तक वाटतं.

१९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू झाली आणि मराठी माणूस घोळक्याने जग पाहू लागला. याला नावं ठेवणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. ज्या बायका उभ्या जन्मात माहेर-सासर याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या, त्या फक्त महिलांच्या सहलींतून आल्प्सपर्यंत पोचल्या, ही लहान गोष्ट नव्हे. लेखनाचं मात्र नुकसान झालं. जेवण आपलं, भाषा आपली, शेजारी आपले. मग लिहायला उरतात ती स्थळं. मीना प्रभूंनी एकटीने देश पालथे घातले आणि ही चौकट बरीच मोडली. मिलिंद बोकिलांचं 'समुद्रापारचे समाज' तर नावापासूनच स्थळं सोडून समाजाकडे वळलेलं आहे. पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी.

नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांना आज मोठा वाचकवर्ग आहे. जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'नंतर अशा पुस्तकांची रीघच लागली. इथे गरज नियमानेच येते: जवळ पैसा ठेवायचा नाही, मिळेल ते खायचं, ज्याच्या ओट्यावर जागा मिळेल तिथे पथारी टाकायची. माणसं भेटायला याहून चांगली रीत नाही. तरी यांतली बरीच पुस्तकं मला अपुरी वाटतात, कारण पिठलं-भाकरी देणाऱ्या बाईला ती नर्मदामैयाचं रूप करून टाकतात आणि तिला विचारायचे प्रश्न तिथेच संपतात. शूलपाणीच्या झाडीत लुटणाऱ्या भिल्लांच्या कथा पुस्तकागणिक येतात. त्याच खोऱ्यात सरदार सरोवराखाली महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही पाण्यात गेलं. पण वाटेवरच्या भिल्लाचं शेत कुठे गेलं, ही चौकशी फार थोडे करतात.

इथे मला एक हट्ट धरावासा वाटतो. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आपण १९८० पासून आत्मकथनांच्या फळीवर ठेवलं आहे. ते प्रवासवर्णनांच्या फळीवरही हवं. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, फोकाच्या पाट्या विणायच्या, विकायच्या, पुढचं गाव. भटक्या कैकाड्याच्या पोराला गाव शाळेच्या दारातून दिसतं, पाटलाच्या आवाजातून दिसतं. पश्चिम महाराष्ट्राची असली माहिती कुठल्याही सहलीच्या पुस्तकात नाही. हौसेचा तेवढाच प्रवास, ही व्याख्या आपण का मानून बसलो आहोत?

ही व्याख्या किती तोकडी आहे ते मुंबईतल्या माझ्या माहुलमध्ये राहून रोज दिसतं. जुनं माहुल कोळ्यांचं. खाडी, होड्या, वाळत घातलेले बोंबील. १९५०च्या दशकात ट्रॉम्बेच्या या पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि त्यांच्यामागून देशभरचे टँकर. रस्त्याच्या कडेला टँकरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून कणीक मळणारा उत्तरेकडचा ड्रायव्हर इथे नवलाचा नाही. थंडीत खाडीवर रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे कॅमेरे येतात. पक्ष्यांच्या स्थलांतरावर मराठीत लेख निघतात. त्याच रस्त्याने २०१७ मध्ये टेम्पोत भांडी, गाद्या आणि पोरं भरून माणसं आली. तानसा जलवाहिनीलगतच्या, विद्याविहार-घाटकोपरकडच्या वस्त्या पाडून त्यांना इथल्या ७२ इमारतींच्या वसाहतीत धाडलं. दोन इमारतींत अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यावर दुपारीही दिवा लावावा लागतो. ज्या गल्लीत सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखत, तिथल्या माणसांना अचानक जिन्यात चार ठिकाणची चार घरं भेटली: एकाची चूल तमिळ, एकाची भोजपुरी, शेजारी मालवणी. पाणी कुणी भरायचं आणि पोरं कुणाकडे ठेवायची इथपासून सगळं नव्याने ठरवावं लागलं. बायकांची धुण्याभांड्याच्या कामाची घरं मागे घाटकोपरलाच राहिली, तेव्हा पहाटेची बस धरणं आलं. शहर एकच, पण यातल्या कित्येकींना परगावी आल्यासारखं झालं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. हवेने माणसं आजारी पडली. ऑक्टोबर २०१८ पासून बाया निषेध म्हणून विद्याविहारच्या पदपथावर जाऊन बसल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना दुसरीकडे घरं द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या, असं सरकारला बजावलं. काही गेले, काही इथेच राहिले.

शहरातल्याच माणसांकडे जाण्याची, युनिक फीचर्सच्या 'अर्धी मुंबई'सारख्या पुस्तकाने दाखवलेली वाट मोकळी आहे. अनिल अवचटांनी 'पूर्णिया'साठी बिहारपर्यंत पायपीट केली होती. माहुलला यायला चेंबूर स्टेशनवरून बस मिळते. जिन्यात बसून, चहा घेऊन, कोण कुठून आलं आणि पहिल्या रात्री शेजारी कुणी काय दिलं हे विचारणारा लेखक मात्र अजून यायचा आहे. या प्रवासाचं जे काही लेखी उरलं आहे ते निकालपत्रांत, रुग्णालयाच्या पाहणीत आणि हवेच्या तपासणी अहवालांत. त्यांत फुप्फुसांची नोंद आहे, रसायनांची आहे; त्या जिन्यातल्या चार घरांची नाही.