प्रथमावृत्ती, स्वाक्षरी आणि नाटकाची संहिता

दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहात प्रथमावृत्तीला मान असतो. आणि तिच्या कोऱ्या पानावर ग्रंथकर्त्याने स्वहस्ते चार अक्षरे लिहिली असतील तर तो मान दुणावतो. काव्यसंग्रह वा कादंबरी यांच्या बाबतीत या कसोटीला आधार आहे, कारण तेथे छापील पुस्तक हेच कृतीचे पहिले प्रकटन असते. नाटक मात्र बहुधा आधी बोलले जाते व मग छापले जाते. तेव्हा ग्रंथबाजाराची ही कसोटी अभिजात मराठी नाटकाला जशीच्या तशी लावावी काय, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकाचा राहत नाही. कोणती प्रत जपली जाईल आणि कोणती रद्दीत जाईल, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

रायपूरसारख्या शहरी तो अधिकच निकडीचा होतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे अठराव्या शतकात छत्तीसगडात मराठी वस्ती झाली. १८५४ साली ते राज्य खालसा झाले; पुढे नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतात रायपूर राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशातच राहिले, आणि २००० साली ते छत्तीसगडची राजधानी झाले. पुण्यामुंबईच्या ग्रंथव्यवहारापासून दूर असलेल्या अशा शहरात मराठी वाचणारी पिढी ओसरली, की घरातील जुन्या नाटकांचे भवितव्य एका प्रश्नावर येऊन ठेपते: प्रतीवर कोणा थोर नाटककाराची सही आहे काय? नसेल, तर ती प्रत निरुपयोगी ठरते.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभच या निकषाला अपुरा ठरवतो. ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तो पहिल्या चार अंकांचा. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, तेही प्रथम तीन अंकांपुरते. ‘रामराज्यवियोग’ तर १८८५ साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या निधनामुळे अपुरेच राहिले. येथे प्रयोग हा पुस्तकाचा उत्तराधिकारी नाही, पूर्वज आहे. छापील प्रथमावृत्ती ही अशा नाटकाच्या चालत्या आयुष्यातील एक मुक्काम होय. तिला उगमस्थान मानणे इतिहासाला धरून नाही.

राम गणेश गडकरी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, म्हणजे रायपूर ज्या प्रांतात होते त्याच मध्यप्रांतात, त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने केला, पुस्तकही त्यांच्या पश्चातच प्रसिद्ध झाले. अर्थात गडकऱ्यांच्या स्वाक्षरीची ‘एकच प्याला’ची प्रथमावृत्ती असूच शकत नाही, तशी कोणी दाखविली तर ती बनावट समजावी. शिवाय या नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. मराठीतील एका सर्वमान्य शोकात्मिकेला जी कसोटी दारातच अडवते, तिच्यात कोठेतरी मूलभूत उणीव आहे, असे म्हणणे भाग आहे.

पाश्चात्त्य परंपराही निराळे सांगत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी निघाला. त्याची थोरवी कोणाच्या स्वाक्षरीत नाही. छत्तीसपैकी सुमारे अठरा नाटके त्यात प्रथमच छापली गेली, यात आहे. प्रत मोलाची ठरते ती साक्षीमुळे.

ही साक्ष अनेक प्रकारची असते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले; १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली, ती १९२६ मध्ये उठली. बंदीपूर्व प्रतीवर मालकाचे खोडलेले नाव आढळले, तर ते खोडणेही वाचण्याजोगे ठरेल. उलट, जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ प्रथम छापले गेले ते १९७९ मध्ये. एकशे चोवीस वर्षे ज्या नाटकाला मुद्रण लाभले नाही, त्याच्या प्रथमावृत्तीवर कर्त्याची अक्षरे शोधणे म्हणजे उपेक्षेचा इतिहासच विसरणे होय.

रायपूरच्या रंगभूमीने तर या विचाराला आणखी एक दिशा दिली आहे. १९२३ साली याच शहरात जन्मलेले हबीब तन्वीर यांनी, ज्या ‘मृच्छकटिका’वरून देवलांनी मराठी संगीत नाटक रचले, तेच १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाड़ी’ या नावाने छत्तीसगडी लोकनटांसह उभे केले. १९७३ साली रायपुरात नाचा या लोकनाट्याच्या कलावंतांचे शिबिर झाले. त्यातून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद’ आकारास आले. तेथे संहिता नटांच्या मुखातून घडली. अशा नाटकाचा आद्य लेख कोणत्या पानावर शोधावा?

याचा अर्थ स्वाक्षरीची भेटप्रत तुच्छ आहे असा नव्हे. नाटककाराने नटाला दिलेली प्रत कोणासाठी व केव्हा लिहिली गेली हे सांगते. तिच्यात त्याने स्वतः केलेली दुरुस्ती असेल, तर पाठचिकित्सेला तिच्यावाचून चालणार नाही. परंतु ज्या अनाम हाताने संवादांवर रेघा मारल्या, पदे गाळली, प्रवेशाच्या खुणा केल्या, त्या हातानेही नाटकाच्या इतिहासात भर घातली आहे. संग्राहकाने प्रतीच्या किमतीआधी तिचे वर्णन लिहावे: छपाईचे वर्ष, आवृत्ती, पाठातील फरक, प्रत्येक हस्तलेखी खूण. स्वाक्षरी हे त्या वर्णनातील एक कलम असावे, संपूर्ण निकाल नसावा. नाही तर ग्रंथकर्त्याचे नाव जपताना त्याचे नाटकच हातचे जाईल.