वर्तनामागील मागणी : एका प्रयोगनिबंधाचे परीक्षण

बौद्धिक अक्षमता असलेले मूल डोके आपटते, स्वतःच्या हाताचा चावा घेते किंवा शेजारच्यास मारते, तेव्हा ‘हे थांबवावे कसे?’ हाच प्रश्न प्रथम पुढे येतो. ‘हे घडते कशासाठी?’ या प्रश्नास अग्रस्थान देणाऱ्या लेखनात एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांच्या १९८५ मधील प्रयोगनिबंधाचे स्थान मोठे आहे.

या निबंधाची पूर्वतयारी आधीच झाली होती. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःस इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचे चार निरनिराळ्या परिस्थितींत निरीक्षण केले. त्यांपैकी सहा जणांचे वर्तन विशिष्ट परिस्थितीतच सातत्याने वाढलेले आढळले. बाह्यतः एकच दिसणाऱ्या कृतीची कारणे भिन्न असू शकतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

कार व ड्युरँड यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांपैकी कोणाचे वर्तन काम कठीण झाले म्हणजे बिघडते आणि कोणाचे मोठ्यांचे लक्ष कमी झाले म्हणजे, हे त्यांनी प्रथम ठरविले. नंतर मुलांना बोलून मागणी करण्यास शिकविले. काम कळत नसल्याचे सांगितले की साहाय्य मिळे; काम बरे झाले का, असे विचारले की शाबासकी मिळे. प्रयोजनाशी जुळणारे वाक्य शिकविल्यावर उपद्रव कमी झाला. न जुळणारे शिकविल्यावर झाला नाही. ही तुलनाच निबंधाचे खरे बळ होय. केवळ बोलता येणे पुरेसे नव्हे, नेमके तेच मागता आले पाहिजे, हे तिने सिद्ध केले.

तथापि या मांडणीस मर्यादा आहेत. पहिली अशी की, प्रत्येक कृती ही कोणाला तरी उद्देशून केलेली मागणी नसते. दात किंवा कान दुखत असलेले मूल एकांतातही डोके आपटेल. तेथे संभाषण शिकविण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी हवी. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. कठीण काम पुढे आले की मुलाने साहाय्य मागावे, असे या प्रयोगाने शिकविले. पण ते काम त्या मुलास योग्य होते काय, आणि ते नाकारण्याचा त्यास अधिकार होता काय, हे प्रश्न प्रयोगाच्या कक्षेबाहेरच राहिले. विश्रांती मागण्यास शिकविणाऱ्या उत्तरकालीन उपचारांनी ही उणीव काही अंशी भरून काढली.

शिवाय सुधारणेचे माप मुलाच्या वर्तनावरून घेतले गेले असले, तरी तिचा अर्धा भाग शिक्षकाच्या तत्पर प्रतिसादात होता. उत्तर देणारे कोणी नसेल, तर शिकविलेले वाक्य निष्फळ ठरते आणि मूल पुन्हा जुन्या, खात्रीच्या मार्गाकडे वळते. वर्गात चाळीस मुले व एकच शिक्षक असेल, तर दोष वाक्याचा मानावा की व्यवस्थेचा?

अशा वर्तनास मराठीत आता ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणतात. मूळ इंग्रजी संज्ञेचा रोख, हे आव्हान सेवा देणाऱ्या व्यवस्थेस आहे, असा होता. मराठीत मात्र ते विशेषण बहुधा मुलासच चिकटते. कार व ड्युरँड यांचा निबंध आज वाचताना हा मूळ रोख ध्यानी ठेवावा लागतो. मुलास मागता येऊ लागले, की ऐकण्याची जबाबदारी सुरू होते. आणि ती मुलाची नव्हे.